शिक्का कुठे मारू?

धायरी, पुणे
६ फेब्रुवारी २०००

चि. शर्मिला हीस,
बाबुरावमामाचा आणि चंद्रभागामामीचा जय भीम, आणि ओंजळभर आशीर्वाद.

तुझं अंतर्देशीय काल मिळालं. मामीनं आधी ते हातावर तोलून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंसंच?" मग मी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना मधली एक ओळ गाळली, तर लगेच पकडलं. तिला वाचता येत नाही, पण पाठ मात्र एका ऐकण्यात होतं.

पोरी, पास झाल्यावर पुण्यात चार महिने तू चपला झिजवल्यास. जाशील तिथे एकच प्रश्न, अनुभव आहे का? परवा पास झालेल्या नर्सला अनुभव कुठून येणार? तो काय गुळाच्या ढेपेसारखा आडतीवर मिळतो? शेवटी तूच म्हणालीस, "मामा, पुण्याबाहेर जाईन, देशाबाहेर जाईन, पण शिकलेलं काम सोडणार नाही." त्या दिवशी मामी तिकडे तोंड करून भाकरी थापत होती. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन पाहिलं तर हसत होती.

आता ठाण्याच्या नर्सिंग होमात तात्पुरती का होईना ड्युटी लागली, आणि मस्कतच्या सरकारी दवाखान्यात नव्या मुलीही घेतात हे कळलं, फार बरं झालं. तू मूळ सर्टिफिकेटं मागितली आहेस. शेजारचा श्याम गुरुवारी टेंपो घेऊन वाशीला जातो आहे, त्याच्याकडे देतो. तो तुझ्या हॉस्टेलवर आणून देईल. पाकिटात एक गंमत आहे. आत्ता सांगत नाही.

फोन कर म्हणतेस. पण बूथवर मला धड ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि बाहेरच्या रांगेला आपल्या घरचं सगळं कळतं. त्यापेक्षा कागद बरा. गोणीवर रंगवलेली गावांची नावं वाचत वाचत अक्षरं शिकलेला माणूस मी. लिहिलेलं असलं की जिवाला बरं वाटतं.

इकडे मागच्या ज्वारीच्या रानात चौथा मजला चढला. कॉम्प्युटरवाली मंडळी भाड्यानं येतायत. परवा एकानं मोटारीतून विचारलं, "काका, इथे धायरी गाव कुठे आहे?" मी म्हटलं, "गाडी थोडी पुढे घ्या, तुमच्या चाकाखाली आहे."

तब्येत जप.
तुझा मामा,
बाबुराव रणपिसे

*

ठाणे
१३ फेब्रुवारी २०००

ती. मामा आणि मामी यांना शर्मिलाचा जय भीम.

कागद मिळाले! पाकीट उघडलं आणि हसूच आलं. तुम्ही सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकमध्ये घालून पाठवलीत! कसली चकचकीत दिसतायत. खोलीतल्या मुलींनी आरशासारखी तोंडं पाहिली त्यात. हेमा म्हणाली, "मला असा मामा का नाही?" हेमा म्हणजे आमच्याच बॅचची, सिंहगड रोडची. तीही मस्कतसाठी भरते आहे. आम्ही एकाच खोलीत राहतो.

पुढचं काम असं आहे. दादरला पाध्येसाहेबांचं ऑफिस आहे. यज्ञेश्वर पाध्ये, वयस्कर आहेत, हळू बोलतात. ते मूळ कागद सरकारी कचेरीत आणि मग वकिलातीत नेतात आणि खरेपणाचे शिक्के मारून आणतात. पंधरा एप्रिलच्या आत सगळं जमा झालं की मेमध्ये विमान. मंगळवारी हेमा आणि मी दोघी जाणार आहोत.

इथल्या वॉर्डात बारा खाटा आहेत. सात नंबरचे आजोबा रोज विचारतात, "सिस्टर, तुम्ही कुठल्या?" मी रोज सांगते, धायरीच्या. काल म्हणाले, "रोज धायरीहून येता? फार लांब पडत असेल."

मामीला सांगा, जेवते आहे.
तुमची,
शर्मिला

*

धायरी
१ मार्च २०००

चि. शर्मिला हीस जय भीम.

पंधरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. मंगळवारी दादरला गेलीस का? शिक्के कसे असतात, गोल की चौकोनी? मामी विचारते.

प्लास्टिक तुला आवडलं, मी भरून पावलो. आप्पा बळवंत चौकात जाऊन करून आणलं. दुकानदारानं मशीन तापवलं, कागद आत घातला आणि तो दुसऱ्या बाजूनं असा गुळगुळीत बाहेर आला, की मी टोपी काढून हातात धरली. तो म्हणाला, "काका, आता खडकवासल्याच्या धरणात टाकलंत तरी काही व्हायचं नाही." मी म्हटलं, "आम्हाला मस्कतला टाकायचंय, धरणात नाही."

हे का केलं ते आज सांगतो. तुझी आई, माझी कांता, सातवी पास झाली होती. आमच्या घरातली पहिली. सत्तर साली एका सरकारी दवाखान्यात आयाची जागा निघाली, तिला बोलावणं आलं. सर्टिफिकेट पत्र्याखाली वाशात खोचून ठेवलं होतं, उंदीर खाऊ नयेत म्हणून. काढायला गेलो तर पत्रा गळलेला, कागदाचा लगदा झालेला. शाई अशी पसरलेली की नाव कुठलं आणि गाव कुठलं कळेना. कारकून म्हणाला, "बाई, हे काय वाचू?" जागा दुसरीला गेली. पुढे वीस वर्षं तुझ्या आईनं मार्केट यार्डात मिरचीची देठं काढली. हातांची आग व्हायची म्हणून तिनं तुला लहानपणी कधी गालाला हात लावला नाही, आठवतं? तो कागद तिथे कुणी खोचला, ते विचारू नकोस.

तेव्हाच ठरवलं होतं, की या घरातल्या कागदाला पुन्हा पाणी लागू द्यायचं नाही. आता लागणार नाही.

पत्र पाठव. चार ओळी चालतील.
तुझा मामा

*

ठाणे
८ मार्च २०००

ती. मामा, मामी यांना जय भीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. ड्युट्या लागोपाठ होत्या.

आईचं तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक नव्हतं. ती होती तोवर कधी बोलली नाही. पत्र तीनदा वाचलं.

मस्कतचं जरा लांबलं आहे. त्यांनी या खेपेला जागा कमी केल्या म्हणे. माझं नाव पुढच्या तुकडीत जाईल. काळजीचं काही नाही. तोवर मी हातावर हात ठेवून बसलेले नाही. रविवारच्या पेपरातली जाहिरात दिसली की अर्ज टाकते. हैदराबाद, राजकोट, इंदूर. एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, "तिकडची भाषा येते?" मी म्हटलं, "कुठे दुखतंय हे पाच भाषांत विचारता येतं, उत्तर पेशंट बोटानं दाखवतो." ते हसले, पण अनुभव आणा म्हणाले. म्हणजे तेच.

एक सहज विचारते. त्या आप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला प्लास्टिक परत काढता येतं का हो? खोलीतली एक मुलगी विचारत होती.

सात नंबरचे आजोबा बरे होऊन घरी गेले.
तुमची,
शर्मिला

*

धायरी
१९ मार्च २०००

चि. शर्मिला हीस जय भीम.

तुझ्या मैत्रिणीसाठी मुद्दाम चौकात जाऊन आलो. दुकानदार म्हणतो, प्लास्टिक काढलं तर वरची शाई सोलून निघते, तो धंदा करू नका. आणि काढायचं कशाला? पातळ वाटत असेल तर वरून आणखी एक जाड थर देतो म्हणाला. तिला सांग, इकडे पाठव, मी करून आणीन.

आता दुसरी गोष्ट. काल ती हेमा सुट्टीवर आली होती, आपल्याकडे पेढे घेऊन आली. तिचे शिक्के होऊन गेले! मेमध्ये निघते म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या शर्मिलाची जागा कमी झाली आणि तुझी कशी राहिली?" तर पोरगी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडायला लागली. मामीनं चहा दिला, तो अर्धा ठेवून उठली.

शर्मे, मला सगळं कळलं. दोघी एका बॅचच्या, तुझे मार्क जास्त, आणि गाडी तुझ्यापाशीच कशी अडते? त्या पाध्यानं आडनाव वाचलं असणार. तू मला सांगत नाहीस, कारण मामा चिडेल. चिडलोच आहे. हळू बोलणारी माणसं मी यार्डात तीस वर्षं पाहिली आहेत. मालाचं वजन करणारा तोलणार होतो मी. पारड्याला बोट कसं लावतात ते मला कुणी शिकवायला नको.

यार्डातला आपला सर्जेराव बरोबर यायला तयार आहे. तो अजून हमालांच्या सभेत बोलायला उभा राहिला की माईक लागत नाही. आम्ही दोघं दादरला जाऊन त्या गृहस्थाला चार माणसांत विचारतो. तू घाबरू नकोस.
तुझा मामा

*

ठाणे
२३ मार्च २०००

ती. मामा,

जय भीम. हे पत्र मिळाल्याबरोबर सर्जेरावकाकांना थांबवा. दादरला जाऊ नका. पाध्येसाहेबांनी काही केलेलं नाही. त्यांनी माझ्यासाठी दोन कचेऱ्यांत हात जोडले.

मी खोटं लिहिलं. जागा कमी झाल्या नाहीत. शिक्का सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला, कागदावरच मारावा लागतो. प्लास्टिकवर शाई धरत नाही, आणि धरली तरी त्यांना चालत नाही. खिडकीतल्या बाईंनी कागद बघितला आणि तसाच परत सरकवला. पाध्येसाहेबांनी पुन्हा विनंती केली. नाही म्हणाल्या. नियम आहे.

तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. आईच्या कागदाचं पत्र आल्यावर तर नाहीच. हेमाला मी शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नका.

नवं सर्टिफिकेट मिळू शकतं, पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, मग दोन-तीन महिने. पंधरा एप्रिल काही गाठता येणार नाही.

मामा, यात तुमची काही चूक नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं? मीसुद्धा त्यात तोंड बघत बसले होते.
शर्मिला

*

धायरी
२७ मार्च २०००

चि. शर्मिला,

तुझं पत्र शनिवारी आलं. आम्ही शुक्रवारीच जाऊन आलो होतो.

काय झालं ते लिहितो, म्हणजे दुसऱ्याकडून कळायला नको. सर्जेराव दारातूनच सुरू झाला. मी त्याच्या पुढे. आडनावावरून बोललो, खाल्ल्या अन्नावरून बोललो. तिथे बसलेल्या दोन मुली उठून बाहेर गेल्या. पाध्ये ऐकून घेत राहिले. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, तुझा कागद काढला, माझ्यापुढे पालथा ठेवला. ऑफिसचा रबरी शिक्का पॅडवर दाबून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाबा, शिक्का कुठे मारू ते तुम्हीच दाखवा."

मी मारला. शिक्का घसरला. बोट लावलं तर सगळी शाई बोटाला आली, प्लास्टिक पुन्हा कोरं. सर्जेरावनं खिशातला रुमाल काढून माझं बोट पुसलं.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "वर्षाला सात-आठ कागद असे येतात. सगळे कुणातरी मायेच्या माणसानं केलेले." चहा मागवला. नाही म्हणायला तोंड नव्हतं, प्यालो. दादरहून ठाणं किती जवळ, पण तुझ्याकडे न येताच परत फिरलो. सर्जेराव म्हणत होता, भेटून जाऊ. मला जमलं नाही.

आईच्या वेळचा तो कागद वाशात मीच खोचला होता. तू विचारलं नाहीस, पण तुला कळलं असेल. दोन्ही वेळा हात माझेच.

आता कामाचं. तुझ्या प्रतिज्ञापत्राला माझंही जोडावं म्हणून आज शिवाजीनगर कोर्टाबाहेर टंकलेखकाकडे गेलो. तो म्हणाला, "हरवलं लिहा. रिक्षात विसरलं. सुटसुटीत पडतं, सगळे तेच लिहितात." मी म्हटलं, "हरवलं नाही. मी माझ्या हातानं प्लास्टिक केलं." तो चष्म्यावरून बघून म्हणाला, "आजोबा, खरं लिहायला जागा जास्त लागते." मी म्हटलं, "लागू द्या." मग त्यानं नवीन कागद चढवला. "कारण काय टाकू? अतिप्रेम? असा शब्द आजवर या मशीनवर पडलेला नाही." पण टाइप नीट केलं, एक चूक नाही. सोबत पाठवतो. सही जरा वाकडी आली आहे, ती चालते का ते पाध्येंना विचार.
मामा

*

इंदूर
१७ सप्टेंबर २०००

ती. मामा, मामी यांना जय भीम.

आज सुट्टी आहे आणि भांडायचं ठरवून बसले आहे. एप्रिलपासून तुमची सहा पोस्टकार्डं आली. सहाच्या सहा एकसारखी. "इकडे सर्व ठीक. तब्येत जप." हे काय पत्र झालं? मामी इंदूरला असती तर तिनं तोलून बघायलाही घेतलं नसतं. मला रानातल्या पाचव्या मजल्याचं कळत नाही, सर्जेरावकाकांचं कळत नाही. तुम्ही स्वतःला शिक्षा केलीत, पण भोगते आहे मी.

मेमध्ये हेमा गेली तेव्हा तिला सोडायला मी इथून रजा काढून मुंबईच्या विमानतळावर गेले होते, ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. आता खरंच लिहायचं तर तेही लिहिते. मला तुमचा राग आला होता, मामा. "तुमची काही चूक नाही" असं मी लिहिलं, पण त्या खिडकीवरून परत आले त्या दिवशी जेवले नाही. मनात म्हणत होते, विचारायचं तरी! एकदा विचारायचं तरी, की करू का? राग कुणाला सांगता येईना, म्हणून खोटं लिहिलं. तुमच्यासाठी लिहिलं असं वाटत होतं. अर्धं माझ्यासाठीच होतं.

एप्रिलमध्ये मी इथे आले. मुलाखतीला तेच प्लास्टिक दाखवलं. मेट्रनबाईंनी उलटसुलट करून पाहिलं, म्हणाल्या, "किसने किया?" मी म्हटलं, मामानं. म्हणाल्या, "जिसके घर में कागज़ की इतनी इज़्ज़त है, उसे मैं रखूँगी." अनुभव विचारलाच नाही. म्हणजे पहिली कायमची नोकरी मला त्या कागदावर मिळाली, हे तुम्हाला कळवायला मी पाच महिने लावले. तुमच्या पोस्टकार्डांचा सूड.

आता बातमी. नवं सर्टिफिकेट आलं. टंकलेखक खरं बोलला होता, तुमचं प्रतिज्ञापत्र दीड पानाचं आहे. पण कचेरीतल्या साहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, असं पाध्येसाहेब म्हणाले. शिक्केही झाले. मामीला सांगा, दोन गोल आहेत, एक चौकोनी, आणि एक असा तिरका की मारणाऱ्याला जेवायला जायची घाई असावी. नोव्हेंबरच्या आठ तारखेचं विमान आहे. त्याआधी चार दिवस धायरीला येते. हा कागद मला तुमच्या हातात द्यायचा आहे.
तुमची,
शर्मिला

*

धायरी
२० डिसेंबर २०००

चि. शर्मिला हीस,
मुक्काम मस्कत. हे लिहिताना बरं वाटतं. पाकिटावर पत्ता इंग्रजीत आहे, तो मागच्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवाल्या मुलाकडून लिहून घेतला. तो म्हणाला, "काका, ई-मेल करा, लगेच जातं." मी म्हटलं, "मला लगेच जाणारं काही लिहायचं नाही."

जय भीम. तू आलीस तेव्हा बसलेला मामीचा घसा आता ठीक आहे. मागचा पाचवा मजलाही झाला, आपल्याकडचं ऊन चार वाजताच जातं. वाळवणं आता सर्जेरावच्या गच्चीवर. तो तिथे राखणीला बसतो आणि पापड मोजून परत देत नाही.

विहारात गेल्या रविवारी दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होता. मला दोन शब्द बोलायला लावले. मी काय बोलणार? उभा राहिलो आणि तुझ्या सर्टिफिकेटची सगळी हकिगत सांगितली. पाध्येंना काय काय बोललो तेसुद्धा. आधी लोक हसले, मग हसायचे थांबले. शेवटी म्हटलं, "मूळ कागद जसा आहे तसा ठेवा. फाइलमध्ये ठेवा, डब्यात ठेवा. आणि पोरांच्या वस्तूला हात लावायच्या आधी पोरांना विचारा." खाली बसलो तर मामी कुजबुजली, "सत्कार त्यांचा होता, तुमचा नाही."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तनया आली, नळाजवळच्या घरातली. तिला नर्सिंगला जायचं आहे. फॉर्म कुठे मिळतो, बाहेरगावी जावं लागेल का, एकटीला राहता येतं का, सगळं विचारत होती. मी तुझी पत्रं काढली आणि तिला ठाण्यापासून इंदूरपर्यंत वाचून दाखवली. खोट्याचं पत्र आणि भांडणाचं पत्र, दोन्ही. तुला न विचारता दाखवली, हे आता लिहिताना लक्षात आलं. रागव.

एक गोष्ट राहून गेली आहे, ती सांगतो. तू निघायच्या आदल्या दिवशी तो नवा कागद माझ्यापुढे धरलास, आणि मी हात पाठीमागे नेले. मामी म्हणाली, "घ्या की, चावतोय का?" तू कागद फाइलमध्ये घातलास. मी लांबूनच म्हटलं, छान आहे. गाडी गेल्यावर दिवसभर मला माझे हात कुठे ठेवावेत ते समजेना.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा तो कागद पुन्हा दे. मी हात धुऊन, कोरडे करून बसेन. पुढून वाचेन, मग उलटा करेन, आणि ते शिक्के एकेक करून मामीला वाचून दाखवेन.
तुझा मामा,
बाबुराव